फोमच्या विमानासाठी परवडणारी मोटर कशी निवडाल: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

पहिलं रिमोटचं विमान बांधायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, "मोटर कुठली घेऊ?" खारघर-ऐरोलीच्या कॉलेजांतली मुलं हाच विचारतात आणि ठाण्यात नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी छंद करणारेही हाच विचारतात. मी उलट विचारतो: विमानाचं वजन किती होणार आहे, आणि नाकापुढे किती इंची प्रॉप (प्रोपेलर, म्हणजे पंखा) फिरेल एवढी जागा आहे? ही दोन उत्तरं हातात असतील तर पाचशे रुपयांच्या आसपासची मोटर विमान छान उडवते. ती नसतील तर तीन हजारांची मोटरही चुकीच्या प्रॉपवर जळते.

मोटर, प्रॉप, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि बॅटरी हा एकच संच आहे. त्यातली एक वस्तू बदलली की उरलेल्या तिघांचं गणित बदलतं. म्हणून या लेखात मोटरचं नाव चौथ्या-पाचव्या पायरीवर येतं. तोवर खरेदी करू नका.

१. आधी वजन मांडा

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, वही घ्या, आणि विमानात जाणारी प्रत्येक गोष्ट तोलून लिहा. जे अजून घेतलेलं नाही त्याचं वजन विक्रेत्याच्या पानावरून उतरवा आणि वर थोडं वाढवून धरा.

उदाहरणाला ११० सेंटिमीटर पंखाचं, पंख वर असलेलं शिकाऊ विमान घेऊ. फोम, गोंद, टेप आणि पंखातली कार्बन रॉड मिळून ३३० ग्रॅम. चाकं आणि त्यांची तार ६०. विमानाचे हलते भाग फिरवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्वो, त्यांना जोडणाऱ्या हॉर्न आणि पुशरॉडसकट ५०. रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर १५. ईएससी ३०. तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी १८०. मोटर, माउंट आणि प्रॉप ७५. बेरीज ७४० ग्रॅम, म्हणजे ७५० धरून चाला. पुढचं सगळं गणित याच विमानावर करू.

फोमबाबत एक इशारा इथेच देतो, कारण मोटर "कमी पडते" अशी तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते. स्टेशनरीच्या दुकानात फोम बोर्ड मागितला की कधीकधी पीव्हीसीचा सनबोर्ड हातात येतो. दोन्ही पांढरे, दोन्ही ५ मिलिमीटर जाड. पण कागदाचा थर असलेला फोम बोर्ड हलका असतो आणि सनबोर्ड त्याच्या कितीतरी पट जड. एक शीट उचलून पाहिली तरी फरक कळतो. सनबोर्डाच्या विमानाला मोठी मोटर शोधण्यापेक्षा शीट बदला.

२. किती वॅट लागतील ते काढा

विमानाच्या ताकदीचा साधा हिशेब दर किलोला किती वॅट असा करतात. वॅट म्हणजे बॅटरीतून येणारे व्होल्ट गुणिले अँपिअर. शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात. लूप, रोल अशा कसरती करायच्या असतील तर २२० ते ३०० धरा. नाक वर करून प्रॉपच्या जोरावर लटकणाऱ्या थ्रीडी विमानाला साडेतीनशेच्या पुढे लागतात, पण ते तुमचं पहिलं विमान नसावं.

आपल्या ७५० ग्रॅमला साधारण ११० ते १५० वॅट हवेत. तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) फुल थ्रॉटलला, म्हणजे मोटर पूर्ण वेगाने चालवली की, सुमारे ११ व्होल्टवर येते. म्हणजे प्रवाह १० ते १४ अँपिअर. हे दोन आकडे वहीत ठळक लिहा. दुकानदार ४० अँपिअरची मोटर दाखवू लागला तर ती तुमच्या कामाची नाही, हे या आकड्यांवरूनच कळेल.

थ्रस्टच्या, म्हणजे प्रॉपच्या ओढीच्या, भाषेत सांगायचं तर शिकाऊ विमानाला वजनाच्या ६० ते ७० टक्के थ्रस्ट पुरतो. नवख्यांना मी थोडा जास्त, वजनाइतका थ्रस्ट सुचवतो. तो वेगासाठी नाही. हाताने फेकलेलं विमान खाली बसू लागलं तर वर काढायला तो कामाला येतो.

३. प्रॉपला जागा किती ते मोजा

प्रॉपवर दोन आकडे असतात. १०x४.५ म्हणजे व्यास १० इंच, पिच साडेचार इंच. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. दुकानात हाच प्रॉप "१०४५" या नावाने मिळतो.

विमान चाकांवर उभं करा आणि मोटरच्या शाफ्टच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १० इंची प्रॉपची त्रिज्या पावणेतेरा सेंटिमीटर होते. त्याखाली किमान तीन सेंटिमीटर मोकळे हवेत, आणि आपल्याकडच्या खडबडीत मैदानांवर त्याहून जास्त. चाकं नसलेलं, पोटावर उतरणारं विमान असेल तर प्रॉप उतरताना मोडणारच असं धरा: प्रॉप सेव्हर वापरा, म्हणजे रबराच्या रिंगने धरलेला प्रॉप जमिनीला लागला की बाजूला होतो.

आता वेग. १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे काय ते पुढच्या पायरीत) तीन सेलवर १० इंची प्रॉप मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या आसपास फिरवते. ८००० गुणिले साडेचार इंच म्हणजे मिनिटाला ३६,००० इंच, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर. हा पिचचा वेग. आपल्या विमानासारखं हलकं विमान ताशी २५ ते ३० किलोमीटरला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटून खाली पडू लागतं, आणि पिचचा वेग त्याच्या निदान दुप्पट असावा लागतो. इथे तो तेवढा भरतो. हेच विमान ६x४ च्या छोट्या प्रॉपवर चालवलं तर कागदावर वेग मोठा दिसेल, पण उड्डाण घेताना ओढ कमी पडेल आणि बॅटरी फुकट जाईल. सावकाश उडणाऱ्या विमानाला मोठा प्रॉप, कमी पिच. वेगवान डेल्टाला (त्रिकोणी पंखाच्या विमानाला) छोटा प्रॉप, जास्त पिच. ही निवड आधी, मोटर नंतर.

प्रॉपचा व्यास वाढवणं किती महाग पडतं तेही सांगतो. फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या तर प्रॉप खातो ती ताकद व्यासाच्या चौथ्या घातात वाढते. ८ इंचावरून ९ वर गेलात तर सुमारे ६० टक्के जास्त. "एकच इंच तर आहे" म्हणून बदललेल्या प्रॉपने खूप मोटरी जाळल्या आहेत.

४. मोटरवरचे आकडे वाचायला शिका

आपल्याला हवी ती ब्रशलेस आउटरनर: तीन वायरींची, बाहेरचं डबडं फिरतं ती. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, दोन वायरींच्या ७७५ मोटरचे ढीग दिसतात आणि भावही मोहात पाडतो. एकेक ३०० ग्रॅमच्या पुढे असते. ती ड्रिलसाठी, पंपासाठी ठीक आहे, फोमच्या विमानासाठी नाही. खेळण्यातल्या ड्रोनमधून काढलेल्या बोटभर कोअरलेस मोटरीही आपल्या विमानाला उचलणार नाहीत.

नावातले चार आकडे म्हणजे माप. २२१२ म्हणजे आतल्या स्टेटरचा (तारेचे वेढे असलेल्या, न फिरणाऱ्या भागाचा) व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटर. काही कंपन्या बाहेरच्या डबड्याचं माप छापतात. २२१२ चं डबडं बाहेरून सुमारे २८ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची २८ ने सुरू होणारी मोटर तिच्याच वर्गातली असू शकते. म्हणून नावं जुळवत बसू नका, वजन जुळवा. मोटरचं वजन हा तिच्या ताकदीचा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे: पन्नास ग्रॅमची मोटर कुणीही बनवली असली तरी तिच्यातून चारशे वॅट टिकाऊपणे निघत नाहीत.

केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती फेरे, तेही प्रॉप न लावता. १००० केव्ही, ११.१ व्होल्ट, म्हणजे मोकळ्या ११,१०० फेऱ्या. प्रॉप लावला की त्या बऱ्याच खाली येतात. केव्ही जास्त म्हणजे मोटर जास्त ताकदवान, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. केव्ही म्हणजे सायकलचा गिअर: चढाला एक, सपाट रस्त्याला दुसरा, पाय तेच. कमी केव्हीची मोटर मोठा प्रॉप सावकाश फिरवते, जास्त केव्हीची छोटा प्रॉप झपाट्याने.

५. परवडणाऱ्या मोटरी, खऱ्याखुऱ्या

भारतात नवख्याच्या हाती सर्वांत आधी येते ती ए२२१२. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, शाफ्ट ३.१७ मिलिमीटर, सोबत फुलीसारखं ॲल्युमिनियमचं माउंट आणि प्रॉप ॲडॉप्टर. ड्रोनवाल्यांमुळे ती ढिगाने बनते, म्हणून स्वस्त. भाव दुकानागणिक बदलतो, पण चारशे ते सातशेच्या दरम्यान सापडते. माझं स्पष्ट मत: ६०० ते ८०० ग्रॅमच्या शिकाऊ विमानाला पहिली मोटर म्हणून हिच्यापेक्षा महाग काही घेण्याची गरज नाही.

पण ए२२१२ ही एक मोटर नाही, आणि सगळी गल्लत इथेच होते. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या तीन मोटरी या नावाने विकल्या जातात.

१००० केव्ही, जिच्यावर १३टी लिहिलेलं असतं. टी म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे. ही आपल्या उदाहरणातल्या विमानाची मोटर. तीन सेलवर १०x४.५ प्रॉप लावला तर चांगला नग ८०० ग्रॅमच्या आसपास थ्रस्ट देतो आणि १३ ते १५ अँपिअर ओढतो. आता हिच्या कागदावर पाहा: कमाल १२ अँपिअर, तेही ६० सेकंद. म्हणजे १० इंची प्रॉपवर फुल थ्रॉटल ही वर चढतानाची काही सेकंदांची गोष्ट आहे, फेऱ्या मारताना अर्ध्या थ्रॉटलवर राहायचं. ज्याचा अंगठा थ्रॉटलवरून खाली येत नाही त्याने ९x४.७ लावावा. प्रवाह मर्यादेत येतो, थ्रस्ट थोडा कमी होतो, मोटर टिकते.

१४०० केव्ही, १०टी. तीन सेलवर ८ इंची, कमी पिचचा प्रॉप. ज्यांच्या विमानात १० इंच मावत नाही त्यांच्यासाठी ही. दोन सेलवर ९ इंचीही चालतो.

२२०० केव्ही, ६टी. तीन सेलवर ६ इंची प्रॉप, त्याहून मोठा नाही. ६x४ वरच ती २० अँपिअरच्या आसपास जाते. मागे प्रॉप असलेल्या डेल्टाला, छोट्या जेटसारख्या विमानाला ही छान. हिच्यावर १०४५ लावला तर काही क्षणांत वास येतो आणि मोटर, ईएससी किंवा दोन्ही जातात. दुकानातून ए२२१२ आणताना खोक्यावरचं नाही, मोटरच्या अंगावरचं केव्ही वाचा. खोक्यात अदलाबदल होते.

जास्त प्रवाहाची भीती का बाळगायची ते आकड्यांत पाहा. १००० केव्हीच्या ए२२१२ च्या वेढ्यांचा रोध ९० मिलिओहमच्या घरात असतो. १२ अँपिअरला तांब्यात १३ वॅट उष्णता होते, १८ अँपिअरला २९ वॅट. प्रवाह दीडपट, उष्णता सव्वादोनपट. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात, आणि ती पुन्हा परत येत नाही. ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी हवाच ३५ अंशांच्या पुढे असते, म्हणजे मोटरला वाढायला जागा कमी उरते.

छोट्या विमानांसाठी १८०६ मापाच्या, २३०० केव्हीच्या आसपासच्या मोटरी पाहा. वजन जेमतेम २० ग्रॅम, ५ किंवा ६ इंची प्रॉप. दोन सेलवर २०० ते ३०० ग्रॅमचं विमान मजेत उडतं. ड्रोनवाले जुन्या मोटरी विकून टाकतात, त्यांत या स्वस्तात मिळतात. ड्रोनची मोटर घेताना नटाचे आटे मात्र तपासा. ड्रोनच्या अर्ध्या मोटरींना उलटे आटे असतात. फिरताना नट घट्ट होत जाईल अशीच मोटर निवडा, नाहीतर हवेत प्रॉप सुटतो.

विमान किलोच्या पुढे गेलं तर ए२२१२ कडून ओढून काम करून घेऊ नका. ७० ते १०० ग्रॅमची मोटर घ्या, ८०० ते १००० केव्हीची. भाव दुप्पट होईल, पण तो रास्त आहे.

६. ईएससी आणि बॅटरी

ईएससी मोटरच्या कमाल प्रवाहाच्या दीडपट तरी घ्या. १५ अँपिअरला साडेबावीस होतात. ३० चा सर्रास मिळतो आणि भावात फारसा फरक नसतो, तोच घ्या.

दोन सापळे आहेत. पहिला: ड्रोनसाठीच्या अनेक ईएससींमध्ये बीईसी नसतो. बीईसी म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट देणारा भाग. तो नसला तर मोटर जोडली तरी रिसीव्हर चालूच होणार नाही. वर्णनात "५ व्होल्ट २ अँपिअर बीईसी" असं काही लिहिलंय का ते वाचा. "ऑप्टो" लिहिलं असेल तर बीईसी नाही. शिवाय स्वस्त बीईसी जास्तीचे व्होल्ट उष्णता म्हणून बाहेर टाकतो, म्हणून तीन सेलवर चारपेक्षा जास्त सर्वो लावू नका.

दुसरा: सायमनके नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारे ईएससी मुळात ड्रोनसाठी. त्यांतले बरेच बॅटरी उतरली तरी मोटर थांबवत नाहीत. विमान उडत राहतं आणि लायपो कायमची खराब होते. ईएससीवर विसंबू नका. बॅटरीच्या बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलच्या बारीक वायरींच्या जोडणीला) लावायचा छोटा व्होल्टेज बझर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, आणि ट्रान्समीटरवर टायमर असतोच.

बॅटरीवरच्या सी आकड्याने, म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह देईल त्या आकड्याने, भुलू नका. २२०० एमएएच २५सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. स्वस्त बॅटरीत मी तो आकडा निम्मा धरतो, तरी २७ उरतात आणि आपल्याला लागतात १५. म्हणजे ५०सी, ७०सीचे जादा पैसे देण्याचं कारण नाही. १३०० एमएएच घेतलीत तर साठेक ग्रॅम वाचतात आणि विमान आणखी हलकं उडतं. नाक जड करायची गरज नसेल तर मी तीच घेईन. लायपो हवाई कुरिअरने सहसा येत नाही, रस्त्याने येते. चार दिवस जास्त धरा.

७. खरेदीला जाताना

हातात घेऊन बघायचं असेल तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडा आणि ग्रँट रोडला उतरा. नवी मुंबईकरांना हार्बरने कुर्ला, तिथून दादर. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारच्या आत पोचा. तिथे सगळा ड्रोन आणि रोबोटिक्सचा माल असतो. दुकानदाराला "विमानासाठी" असं सांगण्यापेक्षा "ए२२१२, हजार केव्ही, तेरा टी" असं नेमकं सांगा.

मोटर हातात आली की शाफ्ट बोटांनी फिरवा. चुंबकांमुळे टप्प्याटप्प्याने अडखळत फिरते, ते बरोबर आहे. पण खरखर जाणवली तर बेअरिंग खराब. डबडं धरून पुढे-मागे ओढा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. आत टॉर्च मारून चुंबकं सारख्या अंतरावर चिकटलीत का पाहा. शेवटी तिन्ही वायरींची टोकं एकत्र धरून मोटर फिरवा: चांगली मोटर ब्रेक लागल्यासारखी जड होते. वेढा तुटलेला असेल तर तितकी जड होत नाही. दोन नग घ्या. पहिल्या क्रॅशमध्ये शाफ्ट वाकतो, आणि नुसता शाफ्ट आणायला परत ग्रँट रोडला जाणं परवडत नाही.

ड्रोनचा "कॉम्बो", म्हणजे मोटर-प्रॉपचा एकत्र संच, घेत असाल तर त्यातल्या दोन प्रॉपपैकी एकावर १०४५ नंतर "आर" हे अक्षर असतं. तो उलटा फिरतो. पुढे मोटर असलेल्या विमानाला बिन-आरचा लावा.

८. हे जवळ असू द्या

- डिजिटल वजनकाटा आणि सामान तोलायचा हुकवाला काटा
- वॉटमीटर, एक्सटी६० कनेक्टरसह
- मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न (६० वॅटचं, छोटं पुरत नाही), हीटश्रिंक
- ३.५ मिलिमीटरचे बुलेट कनेक्टर, तीन जोड्या
- एम३ स्क्रू, ६ आणि ८ मिलिमीटर लांबीचे, थ्रेडलॉक
- ३ मिलिमीटर प्लायचा तुकडा
- दोन-तीन जादा प्रॉप, डोळ्यांना चष्मा
- बॅलन्स चार्जर, लायपोची अग्निरोधक पिशवी

यांत वॉटमीटरवर कंजुसी करू नका. हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोटर जळण्याआधी सांगतो.

९. बसवताना

मोटर थेट फोमला चिकटवू नका. प्लायची फायरवॉल (नाकात मोटर बसवायची पाटी) बनवा आणि ती एपॉक्सीने बसवा. फेविक्विक थर्माकोलला आणि डेपरॉन नावाच्या पातळ फोमला खातं. हॉट ग्लू गरम मोटरच्या शेजारी मऊ पडतो, उन्हात उभ्या गाडीत तर मोटर माउंटसकट लोंबते.

माउंटचे स्क्रू मोटरमध्ये किती आत जातात ते बघा. तीन-चार मिलिमीटर पुरेत. लांब स्क्रू आत तांब्याच्या वेढ्यांना टेकतो, शॉर्ट होतो, आणि नवी मोटर पहिल्याच थ्रॉटलला जाते. मोटरमध्ये दोष नसतो, स्क्रूची लांबी चुकलेली असते. स्क्रू लावल्यावर मल्टिमीटरने मोटरची वायर आणि माउंट यांच्यात जोड नाही ना ते तपासा.

मोटर दोन-तीन अंश खाली आणि तेवढीच उजवीकडे झुकवा. वॉशर घालून होतं. नाहीतर थ्रॉटल दिला की नाक वर आणि विमान डावीकडे. प्रॉपवरचे आकडे पुढच्या बाजूला यायला हवेत. उलटा लावलेला प्रॉपही वारा देतो, पण ओढ बरीच कमी, आणि दोष मोटरला दिला जातो.

फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ईएससी बंद पोटात ठेवाल तर तो स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. नाकाजवळ हवा आत यायला भोक करा आणि मागे बाहेर जायला त्याहून मोठं.

१०. जमिनीवर चाचणी

पहिल्या वेळी प्रॉप काढूनच. थ्रॉटल वर ठेवून बॅटरी जोडा, बीप ऐका, थ्रॉटल खाली आणा: ईएससी कॅलिब्रेट झाला, म्हणजे थ्रॉटलची वरची-खालची हद्द त्याला कळली. दिशा उलटी असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी मात्र कधीही नाही.

मग प्रॉप लावा, चष्मा घाला, विमानाच्या शेपटीला दोरी बांधून हुकवाल्या काट्याला अडकवा आणि काटा गच्चीच्या पक्क्या खांबाला. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर. प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुम्हीही नाही. शेजारच्या मुलांना आधी खाली पाठवा. फुल चार्ज बॅटरीवर दहा सेकंद फुल थ्रॉटल द्या आणि चार आकडे लिहा: व्होल्ट, अँपिअर, वॅट, ग्रॅम.

आपल्या विमानात १४ अँपिअर आणि ८०० ग्रॅम आले तर उत्तम. २० अँपिअर दिसले तर प्रॉप मोठा आहे किंवा मोटर वेगळ्या केव्हीची आली आहे. ८ अँपिअर आणि ४५० ग्रॅम आले तर प्रॉप उलटा आहे का पाहा, कॅलिब्रेशन पुन्हा करा. व्होल्ट १० च्या खाली पडले तर बॅटरी दमलेली आहे. प्रॉप थरथरत असेल तर हलक्या पात्यावर सेलोटेपचा तुकडा लावून तोल साधा, थरथर बेअरिंग खाते.

११. मैदानावर

जागेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. ड्रोन नियम २०२१ आले तेव्हापासून आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे भाग ठरलेले आहेत. मुंबईचा विमानतळ आहेच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यावर उलवे, पनवेल, खारघर हा पट्टा आणखी जपून वागण्याचा झाला आहे. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा. पोलीस आयुक्तालय वेळोवेळी मनाई आदेश काढतं आणि त्यात रिमोटची विमानंही येतात. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि खाडीकाठी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. या दोन्ही ठिकाणी उडवायचं नाही. शक्यतो परवानगी असलेल्या मैदानावर, अनुभवी माणसासोबत जा. वेळ सकाळची. दुपारी खाडीवरून वारा सुटतो आणि साडेसातशे ग्रॅमच्या विमानाला तो पेलत नाही.

पहिलं उड्डाण पाच मिनिटांचं ठेवा. उतरल्याबरोबर बॅटरी काढा आणि मोटरला बोट लावा. तीन-चार सेकंद बोट ठेवता आलं तर ठीक. चटका बसला तर प्रॉप एक इंचाने कमी करा. खाडीच्या खारट हवेत बेअरिंग गंजतं, महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे.

घरी येऊन चार्ज करताना चार्जरने किती एमएएच भरले ते लिहा. पाच मिनिटांत ७०० भरले असतील तर सरासरी प्रवाह ८.४ अँपिअर, मिनिटाला १४०. २२०० च्या बॅटरीतून ८० टक्के, म्हणजे १७६० वापरायचे, म्हणजे साडेबारा मिनिटं. उतरायला दोन-तीन चकरा लागतात, त्यामुळे ट्रान्समीटरवर टायमर नऊ मिनिटांचा लावा.